अठ्ठावन्नाव्या वर्षी नेमलेला विदूषक : केसी स्टेंगेल

१२ ऑक्टोबर १९४८. न्यूयॉर्कमधील एका उंची उपाहारगृहात पत्रकारांना बोलावण्यात आले होते. यांकीज या अमेरिकेतील सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गर्विष्ठ बेसबॉल संघाचा नवा मॅनेजर तेथे जाहीर व्हायचा होता. नाव ऐकताच जमलेल्यांपैकी अनेकांना ही थट्टा वाटली. समोर उभा असलेला मनुष्य अठ्ठावन्न वर्षांचा होता. पायाचे हाड मोडल्यामुळे तो किंचित लंगडत चाले. मोठ्या लीगमध्ये नऊ हंगाम मॅनेजर राहूनही आठ संघांच्या यादीत पाचव्या क्रमांकाच्या वर त्याचा संघ एकदाही गेला नव्हता. त्याची खरी ख्याती होती ती विदूषक म्हणून.

पुढच्या पाच वर्षांत या विदूषकाने सलग पाच जागतिक मालिका जिंकल्या. असा पराक्रम त्याच्याआधी कोणी केला नव्हता आणि आजतागायत कोणी केलेला नाही.

मंडळी, आजचा धागा केसी स्टेंगेलचा आहे. ज्यांनी बेसबॉल कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की बेसबॉलमधील मॅनेजर म्हणजे क्रिकेटमधील प्रशिक्षक आणि कप्तान यांचे एकत्रित रूप. कोण खेळणार, कोणत्या क्रमाने खेळणार, चेंडू फेकणारा पिचर कोणत्या क्षणी बदलायचा, हे सर्व तो मैदानाच्या कडेच्या बाकावर बसून ठरवतो. जिंकल्यास श्रेय खेळाडूंचे, हरल्यास नोकरी त्याची.

चार्ल्स डिलन स्टेंगेलचा जन्म ३० जुलै १८९० रोजी मिझुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे झाला. गावाच्या नावातील के आणि सी या आद्याक्षरांवरून त्याला पुढे ‘केसी’ म्हणू लागले. तरुणपणी तो दंतवैद्यकाच्या महाविद्यालयात शिकत होता. आपण डावखुरे आणि तिथली सारी उपकरणे उजव्या हाताची, म्हणून दंतवैद्यकी जमली नाही, असे तो पुढे रंगवून सांगे. त्याच्या सांगण्यातले किती खरे मानायचे हा प्रश्न त्याच्या प्रत्येक चरित्रकाराला पडला आहे. मात्र शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी तो १९१० पासून गावोगावच्या लहान लीगांमध्ये खेळू लागला, हे निश्चित. त्यातली पहिली लीग हंगामाच्या मध्यावरच बुडाली.

सप्टेंबर १९१२ मध्ये ब्रुकलिनच्या संघाने त्याला वर बोलावले. पहिल्याच सामन्यात त्याने चार हिट मारले. आरंभ झोकात झाला, पण पुढची चौदा वर्षे पाहिली तर तो बिनीचा खेळाडू कधीच नव्हता आणि टाकाऊही नव्हता. ब्रुकलिन, पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क जायंट्स आणि बोस्टन अशा पाच संघांचे अंगरखे त्याने चढवले. कारकिर्दीची सरासरी .२८४, म्हणजे हजार संधींत २८४ हिट. होमरन साठ. अशा खेळाडूला संघात जागा मिळते, भक्कम पाय रोवता येत नाहीत.

येथे त्या काळातील एक व्यवस्था समजून घेणे आवश्यक आहे. प्रत्येक खेळाडूच्या करारात एक राखीव कलम असे. करार संपल्यावरही खेळाडूवरील हक्क मालकाकडेच राही. मालक त्याला विकू शके, बदल्यात देऊ शके, घरी पाठवू शके. खेळाडूला दुसरा मालक शोधण्याची मुभा नव्हती. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉल हा मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेतील आंतरराज्यीय व्यापार नव्हे, असा निर्णय दिल्यावर तर ही साखळी अधिकच घट्ट झाली. स्टेंगेल एका शहरातून दुसऱ्या शहरात गेला तो स्वतःच्या इच्छेने नव्हे. १९१९ मध्ये त्याला फिलाडेल्फियाला दिले तेव्हा पगारवाढ मिळेना, म्हणून तो रुजू न होता सरळ गावी निघून गेला. एवढाच प्रतिकार शक्य होता. पुढच्या हंगामात तो मुकाट्याने फिलाडेल्फियाकडून खेळला.

त्याच वर्षीचा चिमणीचा प्रसंग तुमच्यापैकी काहींनी ऐकला असेल. स्टेंगेल तेव्हा पिट्सबर्गकडून खेळत होता आणि सामना त्याच्या जुन्या ब्रुकलिनच्या मैदानावर होता. प्रेक्षकांनी त्याची यथेच्छ हुर्यो उडवली. अमेरिकी बोलीत याला एखाद्याला ‘पक्षी देणे’ म्हणत. स्टेंगेल फलंदाजीला आला, प्रेक्षकांकडे वळून लवला, टोपी उचलली आणि टोपीखालून खरोखरीची चिमणी भुर्रकन उडाली. शिव्या देणारे मैदान हसू लागले. या एका कृतीने त्याला जन्मभराचे नाव मिळाले आणि जन्मभराचा डागही लागला. पुढे तो काहीही गंभीर बोलला तरी लोकांना त्याच्या टोपीखालची चिमणीच आठवे.

मात्र या गमत्यामागे एक अत्यंत हिशेबी डोके होते. पहिल्या महायुद्धात तो नौदलात भरती झाला आणि ब्रुकलिनच्या गोदीत बेसबॉल संघ चालवू लागला. तो सांगे की जहाज धक्क्याला लागले रे लागले की आपण त्यावरील खलाशांना लगेच सामन्याचे आव्हान देत असू. कारण महिनोन्‌महिने डोलत्या डेकवर राहिलेल्या माणसाचे पाय जमिनीवर स्थिर व्हायला एकदोन दिवस लागतात.

त्याच्या आयुष्याला वळण मिळाले ते १ जुलै १९२१ रोजी. त्या दिवशी तो न्यूयॉर्क जायंट्सकडे आला. तिथला मॅनेजर जॉन मॅग्रॉ हा त्या काळातील सर्वांत कठोर आणि सर्वांत बुद्धिमान डावपेचकार. स्टेंगेल रात्र रात्र त्याच्या घरी बसून खेळाची चर्चा करी. मॅग्रॉने ओळखले की हा डावखुरा मनुष्य डाव्या हाताच्या पिचरसमोर चाचपडतो, पण उजव्या हाताच्या पिचरसमोर खुलतो. याचे कारण भूमितीत आहे. उजव्या हाताने फेकलेला वळता चेंडू डावखुऱ्या बॅटरच्या दिशेने आत येतो आणि त्याला तो आधीपासून नीट दिसतो; उजव्या बॅटरपासून मात्र तोच चेंडू दूर पळतो. मॅग्रॉ त्याला बहुधा उजव्या पिचरपुढेच उतरवी. परिणाम असा की १९२२ मध्ये ८४ सामन्यांत त्याची सरासरी .३६८ झाली. त्याला अर्धाच हंगाम मिळाला, पण त्या अर्ध्या हंगामात तो संघातील भल्याभल्यांना भारी पडला.

१० ऑक्टोबर १९२३. यांकी स्टेडियम त्याच वर्षी बांधून झालेले, जागतिक मालिकेचा पहिला सामना, नववा डाव, दोन जण बाद, ४-४ अशी बरोबरी. तेहतीस वर्षांच्या स्टेंगेलने चेंडू दूर डाव्या-मधल्या रिकाम्या भागात मारला आणि तो धावत सुटला. चेंडू कुंपणापार गेला नव्हता, त्यामुळे चारही बेस धावूनच पार करायचे होते. धावता धावता बूट सैल झाल्यासारखा वाटला आणि तो लंगडत, धापा टाकत शेवटी घसरून पोचला. जायंट्स ५-४ ने जिंकले. त्या नव्या स्टेडियमवरील जागतिक मालिकेतील पहिला होमरन बेब रूथच्या नावावर नाही, या म्हाताऱ्या गणल्या गेलेल्या फिरस्त्याच्या नावावर आहे. तिसऱ्या सामन्यात त्याने चेंडू सरळ प्रेक्षकांत मारला आणि जायंट्स १-० ने जिंकले. बेसभोवती फिरताना त्याने यांकीजच्या बाकाकडे पाहून नाकाला अंगठा लावून वेडावले. यांकीजच्या मालकाने तक्रारही केली. मालिका अखेर यांकीजनीच जिंकली, पण स्टेंगेलची सरासरी .४१७ होती.

बक्षीस काय मिळाले? महिन्याभरात मॅग्रॉने त्याला बोस्टनला देऊन टाकले. बोस्टनचा संघ तेव्हा तळाशी होता. आपण तिसरा होमरन मारला नाही ते बरे, नाहीतर मॅग्रॉने आणखी खालच्या लीगमध्ये धाडले असते, अशा अर्थाचा विनोद स्टेंगेल पुढे करी. त्या विनोदातला कडवटपणा लपत नाही.

१९२५ मध्ये बोस्टनच्या मालकाने त्याला वूस्टर येथील दुय्यम संघाचा अध्यक्ष, मॅनेजर आणि खेळाडू अशा तीनही पदांवर नेमले. हंगामाअखेर टोलिडो येथून अधिक चांगली नोकरी आली. तेव्हा स्टेंगेलने मॅनेजर या नात्याने स्टेंगेल या खेळाडूला मुक्त केले, अध्यक्ष या नात्याने स्टेंगेल या मॅनेजरला काढून टाकले आणि मग अध्यक्षपदाचा स्वतः राजीनामा दिला. मालक संतापला. मला मात्र हा प्रसंग निव्वळ विनोदी वाटत नाही. पंधरा वर्षे ज्याला इतरांनी विकले, त्याने हाती अधिकार येताच प्रथम स्वतःची सुटका करून घेतली.

टोलिडोत त्याने १९२७ साली लीगचे अजिंक्यपद मिळवले. १९३१ पर्यंत आर्थिक मंदीने तो संघ गिळला. मग ब्रुकलिन. १९३४ च्या आरंभी जायंट्सचा मॅनेजर बिल टेरी याने पत्रकारांना खवचटपणे विचारले होते की ब्रुकलिन अजून लीगमध्ये आहे का. हंगामाच्या शेवटच्या दोन दिवशी त्याच ब्रुकलिनने जायंट्सना त्यांच्याच मैदानावर दोनदा हरवले आणि अजिंक्यपद सेंट लुईसकडे गेले. शहर बेभान झाले. पण ब्रुकलिनचा स्वतःचा क्रमांक सहावाच राहिला. १९३६ नंतर त्याला काढण्यात आले. करार एक वर्ष शिल्लक असल्याने १९३७ मध्ये काम न करण्याचा पूर्ण पगार त्याला मिळाला.

बोस्टनमधील १९३८ ते १९४३ हा काळ थोडक्यात आटोपतो, कारण त्यात सांगण्याजोगे फारसे नाही. सहा हंगाम, त्यांपैकी चारांत सातवा क्रमांक. १९४३ च्या वसंतात रस्ता ओलांडताना एका टॅक्सीने त्याला उडवले आणि पाय मोडला. त्यावर तिथल्या एका क्रीडालेखकाने लिहिले की बोस्टनच्या बेसबॉलची सर्वांत मोठी सेवा करणारा मनुष्य म्हणून त्या टॅक्सीचालकाचा गौरव व्हावा. हंगाम संपला आणि नोकरीही.

त्रेपन्नाव्या वर्षी पुन्हा दुय्यम लीग. मिलवॉकीत अजिंक्यपद, कॅन्सस सिटीत एक निरुल्लेखनीय वर्ष आणि मग पश्चिम किनाऱ्यावरचे ओकलंड. तिथे त्याच्या हाताखाली उतारवयातले अनुभवी खेळाडू होते आणि त्यांच्यात एक वीस वर्षांचा भांडकुदळ पोरगा, बिली मार्टिन. १९४८ मध्ये ओकलंडने १९२७ नंतर प्रथमच पॅसिफिक कोस्ट लीग जिंकली. यांकीजचा व्यवस्थापक जॉर्ज वाइस त्याला कित्येक वर्षांपासून ओळखत होता. विदूषकाआडचा माणूस त्याला दिसला होता.

आता १९४९. यांकीजच्या खेळाडूंना त्या हंगामात सत्तरहून अधिक दुखापती झाल्याची नोंद आहे. संघाचा दैवतासमान खेळाडू ज्यो डिमॅजिओ टाचेच्या दुखण्याने पहिले ६५ सामने खेळलाच नाही. स्टेंगेलने रोज नवा संघ रचला. उजव्या पिचरसमोर डावखुरा जीन वुडलिंग, डाव्या पिचरसमोर उजवा हँक बाउर. दोघेही चिडत. रोज खेळण्याची आपली पात्रता आहे असे दोघांनाही वाटे आणि ते खोटे नव्हते. पण त्या दोघांची मिळून जी एक जागा तयार झाली, ती कोणत्याही एका मोठ्या खेळाडूच्या तोडीची होती. ही पद्धत त्याने शोधलेली नाही. बोस्टनच्या १९१४ च्या संघानेही ती वापरली होती. स्टेंगेलने ती बाकावर बसून शिकली होती, कारण मॅग्रॉच्या संघात बसवला जाणारा तो स्वतःच होता.

हंगामाचे शेवटचे दोन सामने बोस्टन रेड सॉक्सविरुद्ध होते आणि यांकीज एका सामन्याने मागे होते. समोरच्या बाकावर ज्यो मॅकार्थी होता, ज्याने याच यांकीजना सात जागतिक मालिका जिंकून दिल्या होत्या. स्टेंगेलने दोन्ही सामने जिंकले, नंतर ब्रुकलिनला ४-१ ने हरवून जागतिक मालिकाही. मग १९५०, ५१, ५२, ५३. १९५४ मध्ये त्याने १०३ सामने जिंकले, तरी क्लीव्हलंडने १११ जिंकल्यामुळे दुसरा क्रमांक आला. बारा हंगामांत दहा अजिंक्यपदे आणि सात जागतिक मालिका. दहाचा आकडा म्हणजे त्याच्या गुरूची, मॅग्रॉची, बरोबरी.

येथे एक जुना वाद उभा राहतो. यांकीजजवळ पैसा होता, योगी बेरा होता, मिकी मँटल होता. तिथे कोणीही जिंकला असता, असे टीकाकार म्हणतात. आकडे त्यांच्या बाजूने बोलतात. मॅनेजर म्हणून त्याचे एकूण विजय १,९०५ आणि पराभव १,८४२. त्यातून यांकीजचे १,१४९ विजय आणि ६९६ पराभव वजा केले तर उरतात ७५६ विजय आणि १,१४६ पराभव. पण माझ्या मते हे गणित अर्धवट आहे. जोड्या लावून खेळवण्याची पद्धत चालण्यासाठी बाकावर पंचवीस चांगले खेळाडू लागतात. बोस्टनमध्ये त्याच्याजवळ आठ धड नव्हते. उलट यांकीजमध्ये प्रश्न गुणांचा नव्हता, ज्यांना रोज खेळायचे आहे त्यांना बसवण्याचा होता. हे करायला निब्बर मन लागते.

ते त्याच्यापाशी होते आणि त्याची किंमत इतरांनी मोजली. फिल रिझूटो हा बुटका तरुण १९३० च्या दशकात ब्रुकलिनकडे चाचणीला गेला तेव्हा तू बूटपॉलिशची पेटी घे, असे सांगून स्टेंगेलने आपल्याला परत पाठवल्याचे रिझूटो सांगे. तोच रिझूटो १९५० मध्ये स्टेंगेलच्याच संघात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ऑगस्ट १९५६ मध्ये, जुन्या खेळाडूंच्या सत्काराच्या दिवशी, त्याला कार्यालयात बोलावून संघातून कोणाला कमी करावे असा सल्ला विचारण्यात आला. तो एकेक नाव सुचवत गेला आणि अखेर त्याच्या ध्यानात आले की नाव त्याचेच ठरले आहे.

आणखी एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये ब्रुकलिनकडून खेळू लागला. यांकीजकडे पहिला कृष्णवर्णीय खेळाडू एल्स्टन हॉवर्ड आला तो १९५५ मध्ये. हा विलंब प्रामुख्याने मालक आणि वाइस यांचा. पण स्टेंगेलच्या तोंडीही वर्णावरून अपमानकारक शब्द येत, हे त्याच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. सवयीचा दोष म्हणून ते सोडून देणे मला मान्य नाही.

९ जुलै १९५८ रोजी सिनेटच्या मक्तेदारीविषयक उपसमितीने त्याला साक्षीला बोलावले. विषय होता बेसबॉलला कायद्यातून सवलत असावी का, म्हणजेच ते राखीव कलम टिकावे का. अध्यक्ष होते एस्टिस केफॉव्हर. स्टेंगेल सुमारे पाऊण तास बोलला. स्वतःची सारी कारकीर्द, कुठून कुठे गेलो, कुठून काढले गेलो, रेल्वे, पगार, निवृत्तिवेतन, सारे एका न संपणाऱ्या वाक्यात. ऐकणारे हसून लोटपोट झाले आणि प्रश्नाचे उत्तर कोणालाच सापडले नाही. त्यानंतर मँटलला विचारले असता माझेही मत साधारण केसीसारखेच आहे, असे त्याने सांगितले आणि सभागृह पुन्हा हसले. हा प्रसंग नेहमी विनोद म्हणून सांगितला जातो. मला त्यात नौदलातला स्टेंगेल दिसतो. मालकांविरुद्ध बोलायचे नव्हते, खेळाडूंविरुद्धही बोलायचे नव्हते. मग त्याने टोपी उचलली.

१९६० ची जागतिक मालिका पिट्सबर्गविरुद्ध. सात सामन्यांत यांकीजनी ५५ धावा केल्या, पिट्सबर्गने २७. तरीही मालिका पिट्सबर्गने जिंकली, सातव्या सामन्याच्या नवव्या डावात बिल मॅझेरॉस्कीच्या होमरनने, १०-९ अशी. स्टेंगेलने आपला सर्वोत्तम पिचर व्हाइटी फोर्ड याला पहिल्या सामन्यात न उतरवता तिसऱ्यात उतरवले. फोर्डने दोन सामने फेकले, दोन्हींत प्रतिस्पर्ध्याला एकही धाव दिली नाही, पण तिसऱ्यांदा उतरण्यासाठी मालिकेत दिवसच उरले नाहीत. ही चूक त्याचीच होती. पाच दिवसांनी यांकीजनी त्याला निरोप दिला. कारण वयाचे सांगण्यात आले. सत्तर वर्षांचे होण्याची चूक पुन्हा करणार नाही, असे तो म्हणाला.

मग १९६२ मध्ये मेट्स. नवा संघ, इतरांनी सोडून दिलेल्या खेळाडूंचा. पहिल्या हंगामात ४० विजय, १२० पराभव. म्हातारा पत्रकारांना हसवत राहिला आणि त्या हशाआड आपल्या पोरांना वाचवत राहिला. नऊ लाखांवर प्रेक्षक हा रडका संघ पाहायला आले. १९६४ मध्ये तर मेट्सचे प्रेक्षक १७ लाखांवर गेले आणि अजिंक्यपद जिंकणाऱ्या यांकीजचे १३ लाखांच्या घरात राहिले. १९६५ च्या जुलैत पंचाहत्तरीच्या सुमारास पडून त्याच्या कमरेचे हाड मोडले आणि कारकीर्द संपली. पुढच्याच वर्षी, नेहमीचा पाच वर्षांचा नियम बाजूला ठेवून, त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेण्यात आले. यांकीज आणि मेट्स या दोन्ही संघांनी त्याचा ३७ हा क्रमांक निवृत्त केला.

ओकलंडचा तो भांडकुदळ पोरगा बिली मार्टिन यांकीजमध्ये त्याचा लाडका झाला होता. जून १९५७ मध्ये त्यालाही बदल्यात कॅन्सस सिटीला देऊन टाकण्यात आले. केसीने आपल्याला वाचवले नाही, या रागाने मार्टिन कित्येक वर्षे त्याच्याशी बोलला नाही. ऑगस्ट १९७५ मध्ये तोच मार्टिन यांकीजचा मॅनेजर झाला. २९ सप्टेंबर रोजी कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल येथे स्टेंगेलचे निधन झाले. त्यानंतर तीन महिने पुरे होण्याआधीच, २३ डिसेंबर १९७५ रोजी, लवाद पीटर साइट्झ याने निर्णय दिला की करार संपल्यावर खेळाडूला मालकाने केवळ एकच वर्ष अडवून ठेवता येईल, जन्मभर नव्हे.